वाढप्याचं पान

जुन्नर तालुक्यात माणसाला पोटभर जेवू घालणारी घरं पुष्कळ होती. पण जेवणाऱ्याला आधी 'नको' म्हणायला शिकवणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या वडिलांचा आतेभाऊ होता. सगळं गाव त्यांना काका म्हणत असे. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही काका म्हणत, तहसील कचेरीतले कारकून म्हणत, आणि एका लग्नात तर खुद्द त्यांच्या सख्ख्या मामांनी 'अहो काका, इकडे मीठ' अशी हाक मारलेली मी ऐकली आहे. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते मीठ घेऊन गेले.

काका उंच आणि इतके सडपातळ होते की भिंतीला टेकून उभे राहिले तर घाईत असलेला माणूस त्यांच्यावर छत्री अडकवायला गेला असता. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेला उपरणं घट्ट बांधलेलं आणि उजव्या हाताची बोटं किंचित वळलेली. ती आमटीच्या ओगराळ्याच्या दांड्याभोवती वळायची सवय झाल्यामुळे, रिकाम्या हातानं चालतानाही तशीच राहत. त्यांना स्वयंपाक येत नव्हता. चहासुद्धा ते दुसऱ्याकडून करून घेत. त्यांना येत होतं ते वाढणं, आणि त्यात त्यांच्या तोडीचा माणूस ओतूरपासून मंचरपर्यंत नव्हता. लग्न कुणाचंही असो, मुंज असो, बारसं असो, काका सकाळीच हजर. पत्रावळीच्या माथ्यावर मीठ, त्याच्या डाव्या अंगाला लिंबाची फोड, मग चटणी, मग कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधोमध भाताची मूद. हा क्रम एखाद्यानं मोडला तर काका त्याला बोलत नसत. त्याच्या हातातलं पातेलं हळूच काढून घेत आणि त्याला पाण्याचा तांब्या देत. पाणी वाढणं ही त्यांच्या राज्यातली सगळ्यात हलकी शिक्षा होती. त्याहून मोठी शिक्षा म्हणजे उष्टी पत्रावळी उचलणं.

पण काकांचा खरा अभ्यास होता तो 'नको' या शब्दाचा. त्यांच्या मते पंगतीतला माणूस तोंडानं 'नको' म्हणतो तेव्हा काहीच सांगत नसतो, सांगतो तो हात. पानावर हात आडवा आला आणि बोटं फाकलेली असली, तर त्याला अजून एक पाहिजे. बोटं जुळलेली असली, तर अर्धा. दोन्ही हात पानावर आले आणि माणूस छातीसकट पुढं वाकला, तर त्याचं पोट भरलेलं आहे, पण आग्रह राहिलेला आहे. त्याला वाढायचं नाही, नुसतं समोर थांबायचं. आणि ज्यानं मान वर करून तुमच्या डोळ्यांत बघून 'नको' म्हटलं, त्याला मात्र खरोखर नको आहे. असे फार थोडे असतात. तीन वेळा विचारायचं, तिसऱ्यांदाही डोळ्यांत बघून नको आलं, की नमस्कार करून पुढं जायचं, हा काकांचा नेम.

बोरी बुद्रुकच्या एका लग्नात वरपक्षाचे एक गृहस्थ मानपानावरून रुसले होते. जो तो बुंदीची बादली घेऊन त्यांच्यापुढे वाकत होता आणि ते मान फिरवत होते. काकांनी सगळ्यांना बाजूला केलं, स्वतः बादली घेतली आणि त्या गृहस्थांकडे न बघता त्यांच्या डावीकडच्याला वाढलं, उजवीकडच्याला वाढलं आणि पुढं गेले. परत आले, परत तसेच गेले. तिसऱ्या खेपेला गृहस्थांनी काकांचं धोतर धरलं.

"अहो, मी माणूस हाये का खांब?"

"तुमी मान फिरवली, मला वाटलं तिकडं काई बघताय," काका म्हणाले, आणि त्यांच्या पानावर बुंदी अशी वाढली की ती संपेपर्यंत त्यांना रुसवा आठवू नये.

इतक्या पंगती वाढलेल्या या माणसाला जेवताना मात्र कुणीही पाहिलं नव्हतं. सगळे जेवून, भांडी घासायला पडल्यावर काका स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला जात, भिंतीकडे तोंड करून काहीतरी खात आणि तोंड पुसत परत येत. मध्येच कुणी तिकडं गेलं तर ते पान झाकून उठत. काही माणसांचं मत होतं की काका नुसत्या वासावर जगतात. काकांचं स्वतःचं म्हणणं असं, की वाढप्याच्या पोटात अन्न गेलं की त्याचा हात आखडतो. म्हणून समोरचा शेवटचा माणूस उठेपर्यंत वाढप्यानं घास घ्यायचा नाही. माझे वडील कमी बोलत. मी त्यांना एकदा याबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "त्याला लहानपणी चार नातेवाइकांनी आळीपाळीनं वाढवलं. चारही घरांत तो शेवटी जेवायचा." एवढं सांगून ते पुन्हा वाचनात गढून गेले. काकांनी लग्न केलं नव्हतं. त्यांची वळकटी कधी बहिणीच्या ओसरीवर असे, कधी आमच्याकडे.

जुन्नरला बाजारपेठेच्या मागं, ओढ्याच्या काठी एक जुनी धर्मशाळा होती. ज्यांना घर नाही, किंवा होतं आणि गेलं, अशा माणसांना तिथं निवारा मिळे. पेठेतले व्यापारी धान्य धाडत आणि दुपारी एकदा जेवण मिळे. रेशनिंग उठून फार काळ झाला नव्हता, त्यामुळे धान्य मोकळेपणानं द्यायची सवय लोकांना नव्यानं लागत होती. जेवणाची पद्धत अशी, की माणसं भांडी घेऊन रांगेत उभी राहत आणि खिडकीतून कुणीतरी त्यांच्या भांड्यात भाकरी टाकी आणि तिच्यावरच कालवण ओती. काका एकदा कुणाचं तरी उरलेलं लग्नाचं अन्न पोचवायला तिथं गेले आणि ती रांग बघून दारातच थांबले.

"ही गव्हाण हाये का काय?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशीपासून रांग बंद झाली. सगळ्यांनी ओढ्यावर हातपाय धुवायचे, सारवलेल्या जमिनीवर दोन ओळींत बसायचं, पुढं पत्रावळ, माथ्यावर मीठ. चटणी, कोशिंबीर, भाजी यांतलं काहीही नसे, तरी त्यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या जात. भाकरी आणि आमटी मुकाट्यानं आपापल्या ठिकाणी येत. मीही तिथं ओढला गेलो तो त्याच सुमारास. मी पुण्याच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या धाडत असे. धर्मशाळेची बातमी घ्यायला म्हणून गेलो, तर काकांनी माझ्यापुढं विळी आणि लाल भोपळा सरकवला आणि "आधी ह्ये," म्हणाले. त्यानंतर मी जवळजवळ रोज जाऊ लागलो. बातमी छापून आली ती चार ओळींची, आणि तीत भोपळा नव्हता.

स्वयंपाकघरात काकांखेरीज दोन मुख्य माणसं होती. भाकऱ्या थापायला एक मावशी होत्या; त्यांचा हात जितका झपाट्याचा तितकीच जीभ. आणि कांदे चिरायला पेठेतले कल्हईवाले चाचा. ते मुळात धर्मशाळेच्या भांड्यांना फुकट कल्हई करून द्यायला आले होते. कल्हई झाली, तरी ते गेले नाहीत. नवसागराच्या धुरात जन्म काढल्यामुळे त्यांच्या डोळ्यांना कांदा झोंबत नसे, आणि काकांच्या दृष्टीनं ती एक देणगीच होती.

रांगेतून पंगतीत आलेल्या लोकांना एकच गोष्ट जमेना. काका भाकरी घेऊन समोर आले, की ते लगेच हात पुढं करत. आळेफाट्याला मोटारींवर माल चढवणारा एक हमाल हात मोडल्यामुळे तिथं आला होता. त्याच्याशी झालेलं बोलणं मी भोपळा चिरता चिरता ऐकलं.

"भाकरी?" काका म्हणाले.

"वाढा, वाढा."

"आसं न्हाई. आदी नको म्हन."

"पन मला पायजे की, काका."

"त्ये मला ठावं हाये. तरी म्हन."

"आन् तुमी खरंच फुडं गेला तर?"

"म्या जात न्हाई. तू म्हन तर."

हमाल बराच वेळ भाकरीकडे बघत राहिला. मग एखादी ठेव दुसऱ्याच्या स्वाधीन करावी तसा तो पुटपुटला, "नको."

"घे रं, घे. दमून आलायस," असं म्हणून काकांनी त्याच्या पानावर दोन भाकऱ्या ठेवल्या. हमाल चकित झाला. पुढच्या आठवड्यात तो इतका तरबेज झाला, की 'नको' म्हणताना पोटावर हात फिरवून दाखवू लागला. काकांचं म्हणणं साधं होतं: ज्याला नको म्हणता येत नाही तो भिकारी, ज्याला म्हणता येतं तो पाहुणा. ते हे कधी भाषण करून सांगत नसत. एकदा चाचांनी विचारलं म्हणून सांगितलं, तेही आमटी ढवळता ढवळता. मावशींना हे सगळं खूळ वाटे. "नको नको करून दुप्पट हाणत्यात मेले," त्या म्हणत, आणि उंड्यासाठी आणखी पीठ ओढून घेत.

त्या वर्षी उन्हाळ्यात आंबेगावच्या डोंगरातली एक लहानशी वस्ती जळाली. कुडाच्या भिंती, गवताची छपरं; वारं होतं, एका घराचं निमित्त झालं आणि सगळी गेली. माणसं वाचली. त्यांतल्या एका म्हातारीला तिचा पुतण्या डोंगर ओलांडून आमच्या धर्मशाळेत घेऊन आला. काळीसावळी, वाळलेल्या शेंगेसारखी हलकी म्हातारी. पण बसायची ताठ. पुतण्या काकांच्या पाया पडला.

"छप्पर उभं केलं की न्यायाला येतो. तवर आजीला जपा. माज्या बापामागं हिनंच मला वाढवला."

"बिनघोर जा," काका म्हणाले. "न्यायाला येशील तवा वळखायचा न्हाईस तू, आशी करून ठिवतो."

पहिल्या दिवशी म्हातारी पंगतीत बसली. काका भाकरी घेऊन आले. तिनं मान वर केली, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "नको, दादा. भूक न्हाई."

काकांनी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तेच उत्तर, तोच आवाज. काका अक्षरशः हरखून गेले. नेमाप्रमाणे त्यांनी तिला नमस्कार केला, पंगतीच्या मधोमध उभे राहिले आणि हमालाला म्हणाले, "ह्याला म्हनत्यात नको! शिका जरा. पोट चोळत बसतोस त्यो!"

दुसऱ्या दिवशीही म्हातारी तसंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी काकांनी कुणाला शिकायला सांगितलं नाही.

ती अगदीच निराहार नव्हती. सकाळी आम्ही सगळे चुलीपाशी गुळाचा चहा घेत असू. त्या वेळी तीही येऊन बसे आणि कपभर चहा घेई. दिवसा कुणी गूळ-पाणी दिलं तर घेई. पण दुपारी पान मांडलं, की मान वर आणि तेच. काकांना आधी वाटलं, डोंगरातल्या माणसाला बाजरी रुचत नसेल. त्यांनी पेठ धुंडाळून नाचणीचं पीठ आणलं. मावशींनी "आता ह्ये आन् काय," म्हणत भाकऱ्या थापल्या. म्हातारीनं भाकरी हातात घेतली, वास घेतला, मावशींकडे बघून कौतुकानं मान हलवली आणि ती हमालाच्या पानावर ठेवली. मग तांदूळ झाला. कुळथाचं पिठलं झालं. धर्मशाळेच्या पंचांपैकी एक जण म्हणाले, की कुणाच्या हातचं चालतं, कुणाच्या नाही, असं काही असेल. ते चाचांनी ऐकलं आणि हातातला कांदा खाली ठेवला.

"काका, चार दिवस मी येत न्हाई. बुढीनं खाल्लं तर बरंच हाय."

"तुमी गेल्यावर कांदा कोन चिरनार? म्या?" काका तडकले. "मंग रोज धा मानसांफुडं म्या रडत वाढू? बसा तितंच!"

तरीही शंका नको म्हणून काकांनी म्हातारीला कोरडा शिधा दिला, अंगणात तीन दगड मांडून दिले आणि म्हणाले, "आजे, तुज्या हातानं करून खा." तिला आनंद झाल्याचं स्पष्ट दिसलं. तिनं अंगणाचा तेवढा कोपरा सारवला, भाकऱ्या केल्या, मिरची वाटली, दोन पानं मांडली. एक स्वतःपुढं, दुसरं समोर. मग काकांना बोलावून म्हणाली, "दादा, बसा."

"म्या? छ्या. म्या वाढपी. तू खा."

"बसा की."

"न्हाई, न्हाई. तू बस. म्या मागनं."

तिनं तिसऱ्यांदा विचारलं. काकांनी तिच्या डोळ्यांत बघून नको म्हटलं.  म्हातारीनं दोन्ही पानं झाकली, आणि थोड्या वेळानं त्यातलं सगळं ओढ्यावर खेळणाऱ्या पोरांना वाटून टाकलं. आम्ही चौघांनी हे पाहिलं. चौघांपैकी कुणालाही काही कळलं नाही. चाचा म्हणाले, घरच्यांची आठवण येत असेल. मावशी म्हणाल्या, म्हातारी हट्टी आहे. मी काहीच म्हणालो नाही, आणि त्यामागं काही शहाणपण होतं असा माझा दावा नाही.

मग म्हातारी सकाळी चहाला येईनाशी झाली. तिला भिंतीला धरून उठावं लागे. दवाखान्याचे डॉक्टर येऊन नाडी बघून गेले. "आजार काही नाही," ते म्हणाले. "पोटात अन्न जात नाही, एवढाच आजार. पण या वयात तो पुरेसा आहे. लवकर खाल्लं नाही तर माझ्या हातात काही राहणार नाही." काका त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या कमरेचं उपरणं सुटून खांद्यावर आलं होतं. त्यांना मी तसं कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी पंगतीत त्यांनी भाकरीआधी आमटी वाढली. एका ओळीला मीठच पडलं नाही. हमालानं सवयीनं 'नको' म्हटलं आणि काका सरळ पुढं निघून गेले, बिचाऱ्याला त्यांच्यामागं "काका, अवो पायजे, पायजे!" असं ओरडावं लागलं. जन्मभर माणसाच्या हातावरून त्याचं पोट ओळखणाऱ्याला एका म्हातारीचं 'नको' उलगडत नव्हतं, आणि पुतण्याला दिलेला शब्द त्यांच्या डोळ्यांदेखत भिंतीला टेकून मिटत चालला होता. पंगत उठली, तसे ते म्हातारीसमोर जाऊन खाली बसले. पाय पसरून बसले. तिच्यापुढं पान तसंच होतं.

"आजे, माजं काई चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई वं दादा. तुमचं काय चुकंल?"

"मंग दोन घास खा."

"भूक न्हाई."

मावशी आतून हे ऐकत होत्या. त्या तव्यावरची भाकरी आणि आमटीची वाटी घेऊन तरातरा बाहेर आल्या आणि काकांपुढं पत्रावळ आपटून तीवर भाकरी आदळली. "काल सकाळधरनं तुमच्या बी पोटात काई न्हाई. ती बी उपाशी, तुमी बी उपाशी. दोगांच्या तिरड्या बांदायला मला येळ न्हाई!"

काकांचं लक्ष नव्हतं. ते म्हातारीकडे बघत होते. बघता बघता, माणूस विचारात काडी मोडतो तसा त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. भरदिवसा, चार माणसांसमोर. मला आधी त्याचंच आश्चर्य वाटलं. मग चाचांनी माझा दंड धरला.

म्हातारीचा हात पानाकडे गेला होता. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला.

काका चावायचे थांबले. म्हातारीही थांबली. काकांच्या तोंडात घास तसाच, म्हातारीचा हात पानावर तसाच. ओढ्याकडून कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज.

"काका, चावा!" चाचा कुजबुजले. "अल्लाके वास्ते थांबू नका!"

काकांनी घास गिळला आणि दुसरा मोडला. म्हातारीनं दुसरा मोडला. काकांनी आमटीत बुडवला, तिनं बुडवला. त्या दोघांच्या मध्ये एक अदृश्य दोरी बांधल्यासारखे दोघांचे हात वर जात होते आणि खाली येत होते. मावशी धावत जाऊन दुसरी भाकरी घेऊन आल्या. काकांची वर्षानुवर्षांची सवय म्हणजे भिंतीकडे तोंड करून अर्धीमुर्धी भाकरी. दीड भाकरीनंतर त्यांचा वेग मंदावला. मावशींनी भात आणला तेव्हा त्यांचे दोन्ही हात पानावर आडवे आले आणि ते छातीसकट पुढं वाकले. त्याबरोबर म्हातारीचाही हात आखडला.

"खबरदार नको म्हनाल तर!" मावशी गरजल्या, आणि त्यांच्या बोटांच्या फटींतून पानावर भात वाढला.

काकांनी तो भात खाल्ला. घाम पुसत, मध्ये मध्ये आढ्याकडे बघत खाल्ला. भात संपत आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं, हे त्या वेळी सांगता आलं नसतं. म्हातारीनं सावकाश, नीट, सगळं पान स्वच्छ केलं. मग पाणी प्यायली आणि समाधानानं पदरानं तोंड पुसलं.

"आता बरं वाटलं," ती म्हणाली. "मला वाटलं, घरात धान सरलं."

"कुनाच्या घरात?" काकांनी विचारलं.

"तुमच्या. घरधनी घास घेईना, सारखा दुसऱ्याला वाढतोय. म्हंजी कमी आसंल, दुसरं काय? आन् आमच्यात घरधनी उपाशी आस्ताना पावना खात न्हाई. त्यानं पैला घास घ्यायाचा, मंग पावन्यानं. तुमी माज्या चुलीवर बी घास घेतला न्हाई. म्हनलं, आपन तरी बोजा कशाला व्हावं?"

"मंग बोलायचं न्हाईस?"

"घरधन्याला त्याची रीत कोन शिकवतं, दादा?"

चाचा तोंडावर हात ठेवून हसत होते. मावशी हसल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या आणि "बाई बाई बाई," एवढंच म्हणत राहिल्या. माझ्या मानेवरचं कसलं तरी ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं मला झालं होतं. पाहुणा तृप्त झाल्याशिवाय घास न घेणारा यजमान आणि यजमानानं घास घेतल्याशिवाय न जेवणारी पाहुणी. दोघांनी आपापली रीत इतकी काटेकोर पाळली होती, की त्यात एक जण मरायला टेकला होता.

काका मात्र दुसऱ्याच शब्दावर अडकले होते.

"आजे, म्या घरधनी न्हाई," ते म्हणाले. "म्या नुस्ता वाढपी."

म्हातारीनं स्वयंपाकघराकडे बघितलं, दोन ओळींत सारवलेल्या जमिनीकडे बघितलं, आणि तिला खरंच प्रश्न पडला होता.

"मंग ह्ये घर कुनाचं हाये?"

 

दुसऱ्या दिवसापासून पंगतीच्या सुरुवातीला काकांचं पान मांडलं जाऊ लागलं. ते म्हातारीशेजारी बसत, सगळ्यांदेखत एक घास खात, आणि मग उठून, हात धुऊन, ओगराळं हातात घेत. ती गेल्यावरही हे चालू राहिलं. लग्नांच्या पंगतींत मात्र ते पूर्वीसारखेच शेवटी जेवत. ती घरं दुसऱ्यांची होती. काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. धर्मशाळेच्या जागी आता गोदाम आहे. जुन्नरच्या एखाद्या कार्याला गेलो, की हल्लीची वाढपी मुलं विचारल्यासारखं करून पुढं जातात, आणि पानावर आडवा घातलेला माझा हात तसाच राहतो.

काकांचा विषय निघाला की मला आठवते ती म्हातारी गेली ती सकाळ. पुतण्या सांगितल्याप्रमाणे न्यायला आला. छप्पर झालं होतं. म्हातारीचे गाल वर आले होते आणि पुतण्यानं तिला ओळखलं, याबद्दल काकांनी नापसंती दाखवली. मावशींनी तिच्या ओच्यात भाकऱ्या बांधल्या, चाचांनी तिचा जळक्या घरातून वाचलेला एकुलता तांब्याचा गडू चकचकीत कल्हई करून दिला. ती सगळ्यांना भेटली आणि शेवटी काकांपुढं येऊन उभी राहिली.

"येते, दादा," ती म्हणाली. "फुडल्या येळंला तुमी या आमच्याकडं."

 काका जन्मभर दुसऱ्यांच्या मांडवात वावरले होते. पाहुणे निघतात तेव्हा घरची माणसं दारात जातात आणि वाढपी भांडी आवरतो. त्यांनी हातातलं ओगराळं माझ्याकडे दिलं, कमरेचं उपरणं सोडून नीट खांद्यावर टाकलं आणि ते तिच्यामागोमाग दारापर्यंत गेले. उंबऱ्यात उभे राहिले. म्हातारी आणि पुतण्या ओढा ओलांडून पलीकडच्या चढाला लागले. मध्येच ती थांबून मागं वळून बघे, आणि काका हात वर करत.

आत चुलीवर आमटीला उकळी आली होती. मावशींचे हात पिठात होते.

"काका, आमटी उतू चाललीया!" त्या ओरडल्या.

"जाऊ दे," काका मागं न बघता म्हणाले. "पावनी आजून दिसतीया."